प्रार्थना कीटक : पाळावा कसा, राखावा कसा

(शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



आज मी तुमच्याशी एका किड्याविषयी बोलणार आहे. किडा म्हटला की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. पण हा किडा मारायचा नाही. तो ओळखायचा, आणि जमलं तर एक हंगाम घरात बरणीत पाळून बघायचा.

मी कासारवाडीला राहतो. एका अंगाला पुणे-मुंबई रस्ता, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि वरून आता मेट्रो. इथं एके काळी शेती होती असं आजच्या पोराला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. आमच्याच इमारतीत एक कुटुंब राहतं. त्यांच्यातले आबा जुने शेतकरी. इथली जमीन गेली, पण चाकणच्या बाजूला दीड एकर आहे. तिथं ते कांदा, वांगी, थोडा झेंडू करतात. त्यांचा नातू दहा-अकरा वर्षांचा. गेल्या श्रावणात हा पोरगा काचेची बरणी घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, "काका, मी नाकतोडा धरलाय. रोज कोथिंबीर घालतो, वांग्याचं पान घालतो, पण तो काहीच खात नाही. मरेल का हो?"

मी बरणी उजेडात धरली. आत दोन बोटं लांबीचा हिरवा किडा, मान वळवून माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, "अरे, हा नाकतोडा नव्हे. याला तू जन्मभर कोथिंबीर घातलीस तरी हा उपाशीच मरेल. याला माशी धरून दे." पोराने माशी आणून सोडली. किडा आधी हलला नाही. मग एकदम पुढचे दोन्ही पाय सुटले आणि माशी त्यात अडकली. मागे उभे असलेले आबा म्हणाले, "साहेब, आम्ही हे जन्मभर पीक खाणारे समजून चिरडत आलो."

बंधूंनो, आबांची ही चूक आपल्यातल्या पुष्कळांची आहे. म्हणून आधी ओळख सांगतो.

ओळख

नाकतोड्याचे मागचे पाय मोठे आणि जाड असतात. तो त्यांवर उड्या मारतो आणि पानं कुरतडतो. प्रार्थना कीटकाचे पुढचे पाय मोठे असतात. ते हात जोडल्यासारखे छातीशी दुमडून तो बसतो, म्हणून त्याला हे नाव. त्या पायांना आतल्या बाजूने करवतीसारखे काटे असतात. डोकं तिकोनी, डोळे मोठे, मान लांब. आपण जागा बदलली की तो मान वळवून आपल्याकडे बघतो. नाकतोड्याला तसं करता येत नाही. रंग हिरवा किंवा वाळक्या गवतासारखा. काही जाती फुलांवर बसणाऱ्या, काही झाडाच्या सालीवर चिकटून राहणाऱ्या.

आपल्या देशात यांच्या जाती किती? १९९५ साली मुखर्जी, हाजरा आणि घोष या शास्त्रज्ञांनी भारतातल्या प्रार्थना कीटकांची एक मोठी नोंद प्रसिद्ध केली. तिच्यात १६२ जाती आहेत. कीटकांचा आणि इतर प्राण्यांचा असा अभ्यास करणाऱ्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे, म्हणजे कासारवाडीहून लोकलने तिसरं स्टेशन.

हा किडा विषारी नाही. त्याला नांगी नाही. हातात घट्ट धरला तर पायाचे काटे टोचतात, क्वचित रक्ताचा थेंब येतो. पाण्याने धुतलं की झालं.

पाळायचा कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, साहेब, गाय पाळली तर दूध मिळतं, कोंबडी पाळली तर अंडी मिळतात. हा पाळून काय मिळणार? पैसा मिळणार नाही, हे आधीच सांगतो. मिळते ती नजर. ज्याने तीन महिने हा किडा रोज बघितला, त्याला शेतात गेल्यावर तो पानाआड बसलेला दिसू लागतो. मग त्याच्या शेजारचा ढालकिडा दिसतो, कोळी दिसतो, क्रायसोपाची देठावरची अंडी दिसतात. आणि ज्याला मित्रकिडे दिसतात, तो न बघता फवारा मारत नाही. औषधाची बाटली काय भावाने मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

घर कसं करावं

मोठ्या तोंडाची काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी घ्या. तिची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट आणि रुंदी दुप्पट असावी. तोंडाला झाकण न लावता मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. हा किडा वरच्या जाळीला उलटा टांगून राहतो, म्हणून जाळी ताठ हवी. आत एक-दोन खरबरीत काटक्या तिरप्या उभ्या करा. तळाला कागद घाला, तो आठवड्याने बदला. बरणी उन्हात ठेवू नका. सावलीत, हवेशीर, मुंग्या चढणार नाहीत अशी ठेवा.

एका बरणीत एकच. हा नियम मोडू नका. हे जनावर आपल्या सख्ख्या भावंडालाही सोडत नाही. मी शिकत असताना एका कोशातून शंभरावर पिल्लं निघाली. मी मोठ्या हौसेने ती सगळी एकाच डब्यात ठेवली. आठवड्याने मोजली तर नऊ उरली होती. बाकीची कुठे गेली हे त्या नऊजणांची पोटं बघूनच कळत होतं.

खाणं आणि पाणी

तो फक्त जिवंत आणि हलणारी शिकार खातो. मेलेली माशी समोर ठेवली तर बहुधा बघतही नाही. त्याची नजर मात्र विलक्षण आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी, त्यात विवेक नित्यानंद हे आपल्या देशातले संशोधकही होते, या किड्याच्या डोळ्यांवर मेणाने चिमुकले रंगीत चष्मे चिकटवले आणि त्याला पडद्यावर हलणारं चित्र दाखवलं. शिकार किती अंतरावर आहे हे तो दोन्ही डोळ्यांनी मिळून ओळखतो, हे त्यावरून २०१६ साली त्यांनी दाखवून दिलं.

अगदी लहान पिल्लांना चिलटं द्या. पिकलेलं केळं उघड्या बरणीत ठेवा, दोन-तीन दिवसांत चिलटं जमतात. मग तोंडाला कापड लावून ती पकडा. पिल्लू मोठं होईल तशी घरमाशी, दिव्यावर येणारे पतंग, लहान नाकतोडे. शिकार त्याच्या डोक्यापेक्षा फार मोठी नको. लहानांना रोज, मोठ्यांना दोन-तीन दिवसांआड. पोट फुगलं की थांबा. न खाल्लेली शिकार आत राहू देऊ नका. आणि फवारलेल्या शेतातला किडा त्याला कधीही घालू नका. ते विष त्याच्या पोटात जातं.

पाण्याची वाटी ठेवायची नाही, लहान पिल्लं तिच्यात बुडतात. सकाळी बोटं भिजवून जाळीवर आणि काटक्यांवर चार थेंब शिंपडा. तो ते थेंब चाटून पितो. सारखं ओलं ठेवलं तर बुरशी धरते.

कात टाकताना हात लावू नका

हा किडा पंख फुटेपर्यंत जातीप्रमाणे सहा ते नऊ वेळा कात टाकतो. त्याआधी एक-दोन दिवस खाणं सोडतो आणि जाळीला उलटा टांगून स्वस्थ राहतो. नवख्या माणसाला वाटतं, आजारी पडला. मग तो बरणी हलवतो, काडीने डिवचतो. तिथेच घात होतो. पाळायला लागलो त्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. अर्धी कात निघालेली असताना बरणी उचलली. किडा खाली पडला, पाय वाकडे वाळले आणि दोन दिवसांत मेला. म्हणून त्याने खाणं सोडलं की आतली जिवंत शिकार बाहेर काढा आणि बरणी एक दिवस विसरून जा. कात टाकल्यावर अंग कोवळं असतं. दुसऱ्या दिवशी खाणं द्या.

नर-मादी आणि जोडी

पंख फुटल्यावर नर-मादी सहज ओळखता येते. मादी मोठी, पोट रुंद. नर सडपातळ, पंख लांब, रात्री दिव्यावर उडून येतो तो बहुधा नरच. खात्री करायची तर पोटाच्या खालच्या बाजूचे कप्पे मोजा. मादीला सहा दिसतात, नराला आठ.

पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मादीला दोन-तीन दिवस पोटभर खाऊ घाला. मग कुंडीतल्या झाडावर मादीला बसवा, तिला एक मोठी माशी धरू द्या, आणि ती खाण्यात गुंतली असताना नराला मागच्या बाजूने जरा लांब सोडा. बरणीत जोडी लावू नका, नराला पळायला जागा राहत नाही. मादी प्रत्येक वेळी नराला खातेच असं नाही. पण भुकेल्या मादीजवळ नर गेला तर त्याचा नेम नाही. जोडी काही तास टिकते. सुटली की नराला वेगळं करा. शक्यतो नर एका शेतातला आणि मादी दुसऱ्या शेतातली घ्यावी, एकाच कोशातली भावंडं नकोत.

त्यानंतर मादी काटकीवर फेस सोडते आणि त्या फेसात अंडी घालते. फेस वाळून टणक होतो. हाच अंड्यांचा कोश. आपल्याकडच्या मोठ्या हिरव्या जातीचा कोश साधारण सुपारीएवढा, तपकिरी आणि वाळलेल्या फेसासारखा दिसतो. एक मादी असे अनेक कोश घालते. जोडी न लागलेली मादीही कोश घालते, पण त्यातून पिल्लं निघत नाहीत. अंडी घालून झाल्यावर मादी फार दिवस जगत नाही. ती मेली म्हणून मुलांनी रडू नये, तिचं आयुष्यच तेवढं.

कोश निघाला की काटकीसकट बरणीत टांगा, जसा घातला होता त्याच बाजूने. तळाशी आडवा टाकू नका. पिल्लं खाली लोंबत बाहेर येतात, त्यांना मोकळी जागा लागते. उबेत महिना-दीड महिन्यात पिल्लं निघतात, थंडीत जास्त दिवस लागतात. आमच्या पोराच्या मादीने दिवाळीत कोश घातला, पिल्लं माघात निघाली. कोशावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर समजा की दुसऱ्याच एका बारीक कीटकाने आत अंडी घालून त्याचा फडशा पाडला आहे.

एका कोशातून जातीप्रमाणे काही डझन ते दोनशे पिल्लं निघतात. त्यांतली पाच-सहा ठेवा, वेगवेगळ्या डब्यांत. बाकीची त्याच दिवशी संध्याकाळी बांधावर न्या आणि दोन-दोन हातांवर एकेक करून झुडपांत सोडा. एकाच जागी ओतली तर ती एकमेकांनाच खातील.

एक गैरसमज नको

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रार्थना कीटक सोडले की कीड संपली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. याला शत्रू-मित्र कळत नाही. समोर अळी आली तर अळी खाईल, मधमाशी आली तर मधमाशी खाईल, ढालकिडाही खाईल. २०१७ साली कर्नाटकात एका घराच्या गच्चीवरच्या बागेत याच कुळातला एक नर कुंडातले गप्पी मासे पकडताना दिसला. पाच दिवसांत त्याने नऊ मासे खाल्ले. ही नोंद पुढच्या वर्षी शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. तेव्हा तुमच्याकडे मधाच्या पेट्या असतील तर पाळलेला किडा त्यांच्याजवळ सोडू नका.

दुसरं असं की याची वाढ सावकाश होते. अंड्यापासून पंखापर्यंत चार-सहा महिने जातात. मावा आठ-दहा दिवसांत पिल्लं देऊ लागतो. माव्याचा उठाव याच्याने आवरणार नाही. ते काम ढालकिड्याचं आणि क्रायसोपाचं. अळीवर्गीय किडींच्या अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड आहे. प्रार्थना कीटक हा शिवारातल्या अनेक राखणदारांपैकी एक, एवढंच त्याचं स्थान.

तिसरं, बाहेरून अंडी मागवू नका. चिनी जातीचा प्रार्थना कीटक १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळ आढळला. पुढे बागांसाठी त्याचे कोश विकले जाऊ लागले आणि तो दूरवर पसरला. आज तो तिथल्या फुलांवर येणाऱ्या चिमुकल्या पाखरांनाही धरतो. आपल्या शिवारातला किडा आपल्याच शिवारात वाढवावा, हे बरं.

आबांच्या शेतात काय झालं

श्रावणातच आबा वांग्यावर फवारा मारायला निघाले होते. पोरगा हट्ट धरून बसला की आधी बघू. मलाही ओढून नेलं. आम्ही तिघे सरीसरीने फिरलो. शेंडे वाळलेली झाडं होती, शेंडेअळी आत होती. पण पानांवर ढालकिडे होते, कोळी होते, आणि दहा-बारा झाडांआड एखादा प्रार्थना कीटकही बसलेला होता. मी म्हटलं, "आबा, वाळके शेंडे खुडून जाळा, कामगंध सापळे लावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा. आठ दिवसांनी पुन्हा बघू." आबांना पटलं असं नाही, पण त्यांनी केलं.

त्या हंगामात औषध मुळीच लागलं नाही असं मी खोटं सांगणार नाही. आश्विनात अळीने उचल खाल्ली. प्रादुर्भाव नुकसानीच्या पातळीवर गेला आणि शिफारशीचं औषध एकदा मारावं लागलं. पण दर आठ दिवसांनी डोळे मिटून मारायचा जो फवारा होता, तो बंद झाला.

खरी गोष्ट पुढेच आहे. फाल्गुनात वांग्याचा प्लॉट काढायची वेळ आली. शेंडेअळीची झाडं उपटून जाळलीच पाहिजेत, ते बरोबरच आहे. पण आग लावण्याआधी आबांनी पोराला हाक मारली. दोघांनी एकेक झाड बघितलं आणि कोश असलेल्या काटक्या कात्रीने कापून काढल्या. अकरा निघाल्या. त्या त्यांनी बांधावरच्या घाणेरीच्या आणि करंजाच्या फांद्यांना सुतळीने बांधल्या. आबा मला म्हणाले, "साहेब, दरसाल किती कोश जाळले असतील हो मी?"

मी त्यांना हिशेब सांगितला नाही. पण तुम्हाला सांगतो. एका कोशात शंभर पिल्लं धरली तर अकरा कोशांत अकराशे राखणदार. त्यांतली पुष्कळ मरतील, पाखरं खातील, आपसांत खातील. पण जी उरतील ती फुकटची आहेत. त्यासाठी लागली ती एक कात्री, थोडी सुतळी आणि अर्धा दिवस.

लक्षात ठेवा

१. मागचे पाय मोठे तो नाकतोडा. पुढचे पाय दुमडलेले, मान वळवणारा तो प्रार्थना कीटक.

२. एका बरणीत एकच किडा. वरती ताठ जाळी, उंची लांबीच्या तिप्पट.

३. खाणं जिवंत आणि विनाफवारणीचं. पाणी थेंबांनी.

४. कात टाकताना बरणी हलवू नये.

५. जोडी लावण्याआधी मादीला पोटभर खाऊ घालावं.

६. पिल्लं त्याच दिवशी, विखरून, बांधावर सोडावीत.

७. वांग्याची झाडं, तुराट्या, पऱ्हाट्या, कुंपणाची छाटणी जाळण्याआधी कोश असलेल्या काटक्या कापून बांधावर बांधाव्यात.

८. बांधावरची सगळी झुडपं साफ करू नयेत. राखणदाराला बसायला जागा ठेवावी.

बंधू-भगिनींनो, कासारवाडीच्या त्या पोराच्या घराभोवती आता शेत नाही. पण गॅलरीत सहा बरण्या आहेत आणि शनिवारी तो आजोबांबरोबर चाकणला जातो. तुमच्या घरातल्या मुलांनाही एक बरणी द्या. तीन महिने सांभाळायला लावा. मग त्याला बरोबर घेऊन पिकातून फिरा, आणि पंप उचलण्याआधी त्याला विचारा, "बाळा, कोण कोण दिसतंय?"

नमस्कार.